सेटिंग्जचे सिरियलायझेशन

ॲप चालू असताना मेमरीत असलेल्या सेटिंग्ज (भाषा, तालुका, सर्व्हरचा पत्ता, कराचा दर) फाइलीत लिहून ठेवण्याची आणि ॲप पुन्हा उघडल्यावर तिथून उचलण्याची पद्धत. लिहिणारी व वाचणारी आवृत्ती एकच असेल तोवर हे काम सोपे असते.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये (२००२) सेटिंग्ज एक्सएमएल फाइलीत असत. २००५ च्या २.० आवृत्तीपासून वापरकर्त्याच्या सेटिंग्ज ॲपच्या आवृत्ती-क्रमांकाच्या फोल्डरात जाऊ लागल्या. त्यामुळे नवी आवृत्ती आली की जुन्या निवडी गायब दिसतात. त्या नव्या फोल्डरात आणणारी ‘अपग्रेड’ ही क्रिया प्रोग्रामरने मुद्दाम चालवावी लागते आणि ती हमखास विसरली जाते. डॉटनेट कोअरने (२०१६) जेसन फाइल रूढ केली. बायनरीफॉरमॅटर हा सिरियलायझेशनचा जुना मार्ग असुरक्षित ठरल्याने डॉटनेट ९ मध्ये (२०२४) बंद झाला.

देवनागरी मजकुरात खरी परीक्षा होते. जालना जिल्ह्यातील ‘अंबड’ या तालुक्याचे नाव युनिकोडमध्ये चार चिन्हांचे (अ, अनुस्वार, ब, ड) आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइटांचे. जावाच्या प्रॉपर्टीज फाइली पूर्वी लॅटिन-१ मानून वाचल्या जात, म्हणजे बारा निरर्थक चिन्हे. जावा ९ ने (२०१७) हे सुधारले, पण फक्त भाषांतराच्या फाइलींपुरते. डॉटनेटमध्ये न्यूटनसॉफ्टची जेसन लायब्ररी ‘अंबड’ असेच लिहिते. २०१९ साली आलेली मायक्रोसॉफ्टची स्वतःची जेसन लायब्ररी, वेगळे सांगितले नाही तर, त्याजागी चार सांकेतिक क्रमांक लिहिते. यंत्राला दोन्ही सारखेच. फाइल उघडून हाताने दुरुस्त करणाऱ्याची मात्र पंचाईत.

आकड्यांची गंमत वेगळी. फोनची भाषा मराठी असल्यास अँड्रॉइडवर, लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) न सांगता मांडलेली संख्या देवनागरी अंकांत लिहिली जाऊ शकते. ती परत वाचताना जावाचे पूर्णांकाचे फंक्शन चालते, दशांशाचे अडते. त्यामुळे फाइलीत लिहिताना लोकेल ठरावीक ठेवावे. मराठी अंक पडद्यापुरते.

नावांऐवजी कोड साठवणे केव्हाही बरे. अंबड ज्या महसूल विभागात येते, त्याचे नाव २०२३ मध्ये औरंगाबादऐवजी छत्रपती संभाजीनगर झाले. नावावरून विभाग शोधणाऱ्या ॲपला जुनी फाइल वाचताना तो सापडत नाही. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतले कोड याच कामासाठी आहेत. शिवाय फाइलीच्या आरंभी मांडणीचा आवृत्ती-क्रमांक लिहिला, तर कोणते रूपांतर करायचे हे नव्या ॲपला अंदाजाने ठरवावे लागत नाही.