'व्ह्यू सोर्स' : वेबची पहिली शाळा

१/ संवादी संकेतस्थळे घडवणारी प्रोग्रामरांची पहिली पिढी कुठे शिकली? त्यांच्यापैकी पुष्कळांचा वर्ग कोणत्याही विद्यापीठात नव्हे, तर ब्राउझरच्या मेनूत भरत असे. तो वर्ग कसा सुरू झाला आणि पुढे ओस का पडला, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वेब जगापुढे ठेवले, तेव्हा पान म्हणजे मजकूर आणि दुवे. पुढे फॉर्म आले. परंतु एखादा रकाना रिकामा राहिला आहे, एवढे कळण्यासाठीही फॉर्म सर्व्हरकडे पाठवून संपूर्ण पान परत येण्याची वाट पाहावी लागे. पानाला स्वतःची बुद्धी नव्हती.

३/ १९९५ मध्ये या अडचणीवर दोन उत्तरे पुढे आली. पहिले सन कंपनीच्या जावाचे, २३ मे रोजी जाहीर झालेले. जावाचे 'ॲपलेट' आधी कंपाइल होऊन मग ब्राउझरमध्ये येई. पाहणाऱ्याला परिणाम दिसे. तो घडवणारा मजकूर दिसत नसे.

४/ दुसरे उत्तर नेटस्केपचे. ब्रेंडन आईक यांनी त्याच मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला नमुना तयार केला. तिचे नाव आधी 'मोका', मग 'लाइव्हस्क्रिप्ट' आणि ४ डिसेंबर १९९५ रोजी 'जावास्क्रिप्ट'. जावाच्या प्रसिद्धीचा लाभ घेणारे हे नाव. भाषा मात्र निराळी.

५/ एकाच वेळी दोन भाषा कशासाठी? नेटस्केपचा हिशेब असा होता : जावा व्यावसायिक प्रोग्रामरांसाठी, जावास्क्रिप्ट पाने सजवणाऱ्या डिझायनरांसाठी आणि हौशी मंडळींसाठी. म्हणून तिचा कोड पानाच्या मजकुरातच साध्या अक्षरांत लिहिता येई. 'प्रोग्राम कोणी लिहावा' या प्रश्नाचे ते एक उत्तरच होते.

६/ याचा परिणाम दूरगामी ठरला. आवडलेल्या पानावर 'व्ह्यू सोर्स' निवडावे, कोड उतरवून घ्यावा, एखादी ओळ बदलावी आणि पान पुन्हा उघडून काय घडते ते पाहावे. गवंड्याच्या हाताखालचा बिगारी पाहत पाहत शिकतो, तशीच ही रीत. फरक इतकाच, की इथे गुरूला शिष्याचा पत्ताही नसे.

७/ या शिक्षणात उणिवाही होत्या. गुरूच्या चुकांचीही नक्कल होई. २००१ मध्ये डग्लस क्रॉकफर्ड यांनी जावास्क्रिप्टला जगातील सर्वाधिक गैरसमज झालेली भाषा म्हटले. ती लिहिणारे बहुतेक जण प्रशिक्षित प्रोग्रामर नाहीत, हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक होते.

८/ दरम्यान १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ब्राउझरला पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवण्याची सोय दिली होती. तिचे सामर्थ्य जीमेल (एप्रिल २००४) आणि गूगल मॅप्स (फेब्रुवारी २००५) यांनी सर्वांसमोर आणले. १८ फेब्रुवारी २००५ रोजी जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिले.

९/ मॅप्सचा कोड वाचायला सोपा नव्हता. तरी तो वाचकाच्या ब्राउझरमध्येच होता. पॉल रेडमाकर यांनी तो उलगडला आणि क्रेगलिस्टवरील भाड्याच्या घरांच्या जाहिराती त्या नकाशावर बसवल्या. एप्रिल २००५ मध्ये 'हाउसिंगमॅप्स' सुरू झाले. गूगलने बाहेरच्या प्रोग्रामरांसाठी अधिकृत दार उघडले ते त्यानंतर, जूनमध्ये. शिष्य गुरूच्या आधी पोहोचला होता.

१०/ पण केवळ पाहून सारे कळत नाही, संदर्भग्रंथही लागतो. नेटस्केपचा तो संदर्भ 'डेव्हएज' या संकेतस्थळावर होता. नेटस्केप विकत घेतलेल्या एओएलने २००४ मध्ये ते बंद केले. मोझिलाने परवानगी मिळवून तो मजकूर २००५ मध्ये नव्या विकीवर आणला. तेच आजचे एमडीएन. एका कंपनीच्या निर्णयाने वर्षांचे ज्ञान नाहीसे होण्याची वेळ आली होती.

११/ पुढे पाने जड झाली. वेगासाठी कोडमधील मोकळ्या जागा आणि अर्थपूर्ण नावे काढून तो आवळला जाऊ लागला. रिॲक्टसारख्या (२०१३) साधनांच्या काळात प्रोग्रामर लिहितो ते एक आणि ब्राउझरकडे जाते ते दुसरेच, ही रूढी झाली. 'व्ह्यू सोर्स' मेनूत राहिला. त्यातून दिसणारा मजकूर माणसाला वाचण्याजोगा राहिला नाही.

१२/ नेमक्या याच काळात शिकवणी हा धंदा झाला. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये 'डेव्ह बूटकॅम्प'चे सशुल्क, काही आठवड्यांचे वर्ग सुरू झाले. डिसेंबर २०१७ मध्ये ते बंदही पडले. २०१४ मध्ये आलेल्या 'फ्रीकोडकॅम्प'ने तेच शिक्षण विनामूल्य ठेवले. मागणी दोन्हीकडे होती, कारण नुसते पाहून शिकणे आता अवघड झाले होते.

१३/ आवळलेल्या कोडने पाने वेगवान केली, हे खरेच. परंतु पूर्वी शिकवणे हा कोणाचा हेतू नसतानाही प्रत्येक पान शिकवत असे. आज विनामूल्य शिक्षण कोणीतरी मुद्दाम चालवावे लागते आणि त्याचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. तो उचलणारा थांबला तर काय होते, हे डेव्हएजने एकदा दाखवले आहे.