हुंडीची पेठ आणि संगणकावरची खंडणी

खानदेशातल्या यावलची जुनी ओळख निळीची आणि जाड्याभरड्या देशी कागदाची. दोन्ही धंदे काळाच्या ओघात गेले. मात्र कागदावर चालणाऱ्या व्यापाराने जी शिस्त घडवली होती, तीच आज संगणकावरच्या चोर-खंडणीखोरांविरुद्ध सर्वांत भक्कम बचाव आहे, असे माझे मत आहे. वाटेत रोकड लुटली जाईल म्हणून सावकारी पेढ्या हुंडी लिहीत. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ निघे; तीही हरवली तर तिसरी, म्हणजे परपेठ. शाहाजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळे, म्हणून नुसता कागद चोरून भागत नसे. म्हणजे प्रत वेगळी आणि खातरजमाही वेगळ्या वाटेने.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बहुतेक खातरजमेची ही दुसरी वाट तोडूनच. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी बनावट यंत्रणा उभी केली. नकली कार्डांवर २८ देशांतून पैसे निघत राहिले, आणि खात्यात शिल्लक आहे का, हे बँकेच्या मूळ प्रणालीला कोणी विचारलेच नाही.

आमच्यासारख्या लहान अडत्याच्या, पतसंस्थेच्या वाटेला कोण जाणार, असे म्हटले जाते. पण जून २०१७ मधला ‘नॉटपेट्या’ हा संगणकी हल्ला युक्रेनवर होता, तरी मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पडले आणि न्हावाशेवा बंदरातले तिच्या समूहाचे टर्मिनलही थांबले. खानदेशची केळी परदेशी निघतात ती याच बंदरातून. जुलै २०२४ मध्ये सी-एज या एकाच सेवा-कंपनीवर हल्ला झाला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे देवघेवीचे व्यवहार खोळंबले. लहानांचे दप्तर आता मोठ्यांच्या घरी असते, त्यामुळे लहान असण्याचा आडोसा उरलेला नाही.

खंडणी देऊन सुटू, हा हिशेबही फसवा आहे. ‘नॉटपेट्या’ने पैसे मागितले, पण माहिती परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. मर्स्कला तारले ते घानामधल्या एका सर्व्हरने. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली असल्याने तो जाळ्याबाहेर राहिला होता. ती परपेठ निव्वळ योगायोगाने वाचली. खर्च परवडत नाही, हा आक्षेप मला म्हणूनच पटत नाही: रोजची प्रत घेऊन जाळ्याबाहेर ठेवलेली डिस्क, त्या प्रतीवरून हिशेब पुन्हा उभा राहतो का याची अधूनमधून तपासणी, आणि खातेक्रमांक बदलल्याचा ईमेल आला की व्यापाऱ्याच्या जुन्याच नंबरवर फोन. यातले काहीही यावलच्या दुकानदाराच्या आवाक्याबाहेरचे नाही.