लाखेची तबकडी, खंजिरीचा आवाज

न्यूयॉर्कच्या एमएफ डूम या रॅपरची 'ऑपरेशन: डूम्सडे' ही ध्वनिमुद्रिका १९९९ साली एका लहान कंपनीने काढली. बड्या कंपन्यांचे पाठबळ तिला नव्हते. रसिकांनीच ती जपली, एकमेकांना ऐकवली; आणि मूळ प्रती दुर्मिळ झाल्यावर तिच्या विनाइल तबकड्या पुन्हा काढाव्या लागल्या. अशा पुनर्मुद्रणाकडे आम्ही केवळ संग्राहकांची हौस म्हणून पाहत नाही. कोणता आवाज पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा, याचा तो निवाडा असतो. मात्र त्याला एक अट आहे : आवाज आधी एकदा मुद्रित झालेला हवा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीचा विचार करताना आम्ही या अटीपाशीच अडखळतो.

विनाइलच्या आधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून घडत. लाख येई ती कुसुम, पळस, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून. म्हणजे छोटा नागपूर आणि मध्य प्रांतासारख्या प्रदेशांतल्या रानांतून. ती खरवडून गोळा करणारे हात बहुतांशी आदिवासींचे होते. दुसऱ्या महायुद्धात या लाखेला एवढे मोल आले, की १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या तिच्या वापरावर कडक मर्यादा घातली. या टंचाईनेही विनाइलची वाट मोकळी केली. रानाने जगाला तबकडीचे द्रव्य पुरवले. तबकडीवर कोणाचा कंठ उमटावा, हे मात्र शहरातल्या बाजाराने ठरवले.

त्याच १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटले. तेव्हा चंद्रपूर जिल्हा 'चांदा' या नावाने ओळखला जाई आणि आजचा गडचिरोली जिल्हा त्याचाच भाग होता. तो वेगळा झाला १९८२ साली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर हुतात्मा झाला. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. पाठोपाठ आलेल्या लष्कराने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, अनन्वित अत्याचार केले. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. सरकारने त्या उपोषणाच्या वार्ता छापण्यावरही बंदी घातली.

या उठावाची मनोभूमी तुकडोजी महाराजांच्या भजनांनी नांगरली होती. सरकारलाही ते उमगले असावे, कारण २८ ऑगस्टला महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, होती खंजिरी : चामड्याने मढवलेले, कडेला झांजा लावलेले एक वाद्य. तालावर शब्द फेकत, श्रोत्यांना ध्रुपदात ओढून घेत भजन तासन्‌तास रंगे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटे मावत. ती मिनिटे गीत टिपू शकली असती. समोरच्या गर्दीचा हुंकार नव्हे.

खंजिरीचे आणि रॅपचे गोत्र एक आहे, असा दावा आम्ही करणार नाही. ब्रॉन्क्सचा इतिहास वेगळा, चिमूरचा वेगळा. साम्य आहे ते प्रसाराच्या रीतीत. बाजाराने न विचारलेला आवाज कानोकानी पसरतो. पुढे तो ज्यांचा होता त्यांच्याच हाती राहील की नाही, हा प्रश्न उरतो. विदर्भातल्या गावोगावच्या भजनी मंडळांनी तुकडोजींचा आवाज पाठांतराने राखला. एका अर्थी दर संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना हे त्याचे पुनर्मुद्रणच होय.

माडिया-गोंडांच्या रेला गीतांना असे संघटित पाठबळ लाभले नाही. भाषा बोलणारी मुले दुसऱ्या भाषेत शिकू लागली, की पाठांतराची साखळी निखळते. आज ध्वनिमुद्रण स्वस्त आहे, पण केवळ आवाज टिपल्याने ऋण फिटत नाही. गाणाऱ्याचे नाव, गावाचे नाव, शब्दांचा अर्थ आणि त्या मुद्रणावरचा गावाचा हक्क, एवढे सारे सोबत नोंदले गेले, तरच पन्नास वर्षांनी कोणाला त्याचे प्रामाणिक पुनर्मुद्रण करता येईल. नाहीतर लाखेसारखाच आवाजही रानातून जाईल आणि रानाकडे परतणार नाही.