रात्रीच्या ढाब्यावर राडा झाला, तर परवाना कोण तपासतं आणि कोण रद्द करतं?

हायवेलगतच्या गावांना हे चित्र नवीन नाही. रात्रीचे अकरा वाजून गेले की ढाब्यावर, चायनीजच्या गाडीवर नाहीतर अंडाभुर्जीच्या टपरीवर गर्दी वाढते. कुणी पार्सल न्यायला येतं, कुणी तिथंच बाटली उघडून बसतं. बिलावरून किंवा गाडी आडवी लावल्यावरून बाचाबाची होते, खुर्च्या उडतात, कुणाचं तरी डोकं फुटतं. सकाळी गावात एकच बोलणं असतं, "त्याचा परवानाच रद्द करा." ग्रामपंचायतीत अर्ज जातो, ठराव होतो आणि सहा महिन्यांनी ढाबा तसाच चालू दिसतो.

याचं एक मोठं कारण म्हणजे अर्ज चुकीच्या दारात गेलेला असतो. ढाब्याचा परवाना म्हणजे एकच कागद नव्हे. खाण्याचा कागद वेगळा, दारूचा वेगळा, जागेचा वेगळा. प्रत्येकाचं ऑफिस वेगळं आणि प्रत्येकाचे अधिकारही वेगळे. म्हणून आधी कोणता कागद कुणाकडे असतो ते समजून घ्यावं आणि मगच अर्ज लिहावा.

कोणता कागद कुणाचा?

खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला, अगदी हातगाडीवाल्यालाही, अन्न सुरक्षा कायदा २००६ प्रमाणे नोंदणी किंवा परवाना लागतो. त्यावर १४ अंकी नंबर असतो आणि तो कागद दुकानात दिसेल असा लावायचा असतो. हे काम अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं. स्वच्छता, पाणी, तेल, शिळं अन्न अशा गोष्टींत दोष सापडला तर एफडीए आधी सुधारणा नोटीस देतं. त्यात किमान १४ दिवसांची मुदत असते. तरीही सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होतो आणि पुढं रद्दही होऊ शकतो. मात्र मारामारी हा एफडीएचा विषय नाही. "तिथं रोज भांडणं होतात" एवढंच लिहून दिलं तर तो अर्ज तिथं पडून राहणार.

दारूचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अखत्यारीत येतो आणि जिल्ह्यात त्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. शांतता व सुव्यवस्था पोलिसांकडे. गावठाणातल्या बांधकामाचा आणि अतिक्रमणाचा विषय ग्रामपंचायतीचा. ढाब्याचं शेड रस्त्याच्या हद्दीत आलं असेल तर राष्ट्रीय महामार्गावर महामार्ग यंत्रणेकडे आणि राज्य मार्गावर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जावं लागतं.

रात्री उशिरापर्यंत चालू ठेवणं गुन्हा आहे का?

नुसतं उशिरापर्यंत चालू आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास चालू ठेवता येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने हे पुन्हा स्पष्ट केलं. मात्र दारू विकणाऱ्या आणि पाजणाऱ्या जागांना ही मोकळीक नाही. त्यांना ठरवून दिलेली वेळ पाळावीच लागते.

आवाजाचं वेगळं आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे. त्यामुळे "रात्री दोनपर्यंत चालू असतं" असं लिहिण्यापेक्षा "रात्री एक वाजता स्पीकर चालू होता" असं तारखेसह लिहिलं तर तक्रारीला वजन येतं.

परवाना नसताना दारू चालत असेल तर

बऱ्याच ढाब्यांवर दारू विकत नाहीत. गिऱ्हाईक बाटली बाहेरून आणतं, मालक ग्लास, पाणी आणि चखणा देतो. "आम्ही कुठं विकतो?" असं तो म्हणतो. पण महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ मध्ये याला पळवाट नाही. परवाना नसलेल्या जागेत लोकांना दारू पिऊ देणं, म्हणजे दारूचा अड्डा चालवणं, हा कलम ६८ चा गुन्हा आहे. तिथं पिताना सापडलेल्यांवर कलम ८४ लागतं. सार्वजनिक जागी दारू पिऊन धिंगाणा घातला तर कलम ८५ आहे.

इथं परवाना रद्द करा असा अर्ज करून उपयोग नाही, कारण दारूचा परवाना मुळातच नसतो. इथं छापा आणि गुन्हा हाच मार्ग. तक्रार पोलिसांकडे करता येते, तशीच राज्य उत्पादन शुल्कच्या १८००२३३९९९९ या टोल फ्री नंबरवरही करता येते.

परमिट रूम किंवा बिअर शॉपी असेल तर

इथं मात्र परवान्याची खरी तपासणी होऊ शकते. कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे अटी मोडल्या तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. अट मालकाने स्वतः मोडलेली असो की त्याच्या नोकराने, फरक पडत नाही. "मी गावाला गेलो होतो, पोरांनी उघडलं" हे कारण चालत नाही. बिअर शॉपीत बाटली सीलबंद विकायची असते. दुकानासमोर बाकडं टाकून पाजणं परवान्यात बसत नाही.

शांतता बिघडण्याची भीती असेल तर जिल्हाधिकारी कलम १४२ खाली दारूची दुकानं काही काळ बंद ठेवायचा हुकूम देऊ शकतात. सण आणि मिरवणुकीच्या दिवशी दुकानं बंद राहतात ती याच कलमाखाली.

परवान्यावर कोणत्या अटी आहेत, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. अर्जाला १० रुपये फी, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवसांची. आधी अटी हातात घ्या, मग कोणती अट मोडली ते नेमकं लिहा.

दारूचा संबंध नाही, पण रोजची भांडणं आहेत

हा रस्ता फार कमी लोकांना ठाऊक असतो. एखाद्या धंद्यामुळे आजूबाजूच्या लोकांच्या आरोग्याला किंवा राहण्याला त्रास होत असेल, तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ त्यासाठी आहे. जुन्या कायद्यात हेच कलम १३३ होतं. प्रांताधिकारी धंदा बंद करायला किंवा काही अटींवर चालवायला सांगू शकतात. समोरच्याला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळते. वारंवार भांडण करणारी माणसं तीच असतील, तर कलम १२६ खाली त्यांच्याकडून शांतता राखण्याचा बाँडही घेता येतो.

राडा झाला त्या रात्री काय करायचं?

पहिलं काम ११२ ला फोन. आपण भांडणात पडायचं नाही. फोन केला की वेळेसह नोंद राहते आणि पुढं तीच कामाला येते. सार्वजनिक जागी दोघांनी किंवा जास्त जणांनी मारामारी करून शांतता मोडली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९४ लागतं. त्यात एक महिन्यापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड आहे. कुणाला मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद घ्यावा. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवल्यावर तिची प्रत फुकट मिळते. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर तीच लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते.

बरीच प्रकरणं इथंच ढिली पडतात. रात्री सगळे चिडलेले असतात, सकाळी दोन्हीकडची माणसं बसून "मिटवून टाका" म्हणतात. मिटवायला हरकत नाही. पण नोंदच झाली नाही, तर सहाव्या भांडणानंतरही सरकारी कागदावर ते पहिलंच भांडण असतं.

ग्रामसभेच्या हातात काय आहे?

परवाना असलेलं दारूचं दुकान बंद करायला २००८ च्या आदेशाप्रमाणे मतदान घेता येतं. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्के लोकांनी सह्यांचं निवेदन द्यावं लागतं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. आडवी बाटली म्हणजे बंद, उभी बाटली म्हणजे चालू. निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात, आणि हे निम्मं झालेल्या मतदानाचं नसून यादीतल्या एकूण मतदारांचं धरतात. म्हणून कामाला बाहेरगावी गेलेल्या बायकांना त्या दिवशी गावात आणणं महत्त्वाचं ठरतं. या मतदानाने विनापरवाना ढाबा बंद होत नाही, हेही लक्षात ठेवावं. त्यासाठी छापाच लागतो.

२०१६ च्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेला ग्रामरक्षक दल नेमता येतं. बेकायदा दारूची खबर पोलिसांना आणि उत्पादन शुल्कला देणं हे त्याचं काम. पेसा क्षेत्रातल्या गावांत ग्रामसभेचा अधिकार आणखी मोठा आहे. तिथं नशेच्या पदार्थांची विक्री आणि सेवन यावर नियंत्रण ठेवायचा हक्क १९९६ च्या पेसा कायद्यानेच दिला आहे.

ढाबेवाल्याचीही बाजू आहे

ढाबा म्हणजे चार-सहा घरांची चूल असते. आचारी, भांडी घासणाऱ्या बाया, वेटर पोरं असे सगळे त्यावर जगतात. भांडण करणारे बऱ्याचदा वाटसरू असतात, निघून जातात आणि नाव ढाब्याचं होतं. म्हणूनच परवान्यावर कारवाई करताना मालकाला नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी मिळते. दारूचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांनी रद्द केला तर उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करता येतं.

मालकाने स्वतःहून ११२ ला फोन केला, कॅमेऱ्याचं चित्रण जपून पोलिसांना दिलं, बाहेरची बाटली आत येऊ दिली नाही, तर चौकशीत तो सावरतो. उलट फरशी धुऊन, काचा उचलून, "इथं काही झालंच नाही" म्हणणाऱ्याची बाजू लंगडी पडते.

अर्जात एवढं असावं

- घटनेची तारीख, वेळ आणि नेमकी जागा
- ११२ ला केलेल्या फोनची वेळ, फिर्याद झाली असल्यास तिचा नंबर
- ढाब्यावर लावलेला परवाना नंबर, आणि लावलेला नसेल तर तसा उल्लेख
- कोणती अट किंवा कोणतं कलम मोडलं
- नेमकी मागणी काय: तपासणी, निलंबन, की रद्द करणं

अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवावी आणि तिच्यावर आवक नंबर, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नये. एका राड्यावरून परवाना सहसा जात नाही. पण शिक्का मारलेले चार-पाच कागद एकामागून एक फाईलला लागले की तपासणीची मागणी टाळणं अधिकाऱ्यालाही अवघड होतं.