प्रकाश-उत्प्रेरण : रंगयुक्त सांडपाण्याची शुद्धी

प्रकाश पडताच क्रियाशील होणाऱ्या घन उत्प्रेरकाच्या साहाय्याने पाण्यातील रंगद्रव्यांचे रेणू मोडण्याची पद्धत. कोळशाने रंग शोषून घेतला तरी तो कोळशात तसाच राहतो. येथे मात्र रेणूच तुटतो.

वऱ्हाडातला कापूस पिढ्यान्‌पिढ्या गठाणी बांधून बाहेर गेला. आता कापडही इथेच व्हावे, असा प्रयत्न आहे. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ येथील 1,000 एकरांच्या ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 रोजी झाली. कापड आले, की रंगाईही आली. सुती कापडासाठी बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात. त्यांचा काही भाग धाग्याला न धरता धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. यांतले बरेच रंग अ‍ॅझो गटातले, म्हणजे नायट्रोजनच्या दोन अणूंमधील दुहेरी बंध असलेले. नेहमीच्या जैविक प्रक्रियेला ते सहजी दाद देत नाहीत. प्राणवायूविना कुजले तर त्यांतून अ‍ॅरोमॅटिक अमाइने तयार होतात आणि त्यांपैकी काही कर्करोगकारक असतात.

सर्वांत रुळलेला उत्प्रेरक म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या रंगात असते तीच पांढरी भुकटी. त्याच्या अ‍ॅनाटेज या रूपावर सुमारे 387 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील, प्रकाश पडला, की इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि मागे धनभारित पोकळी राहते. या जोडीमुळे पाणी व प्राणवायूपासून हायड्रॉक्सिल मूलकासारखे तीव्र ऑक्सिडीकारक कण तयार होतात. रंगाचा रेणू तेच फोडतात. फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी 1972 मध्ये याच ऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले आणि या विषयाला मोठी चालना मिळाली. अडचण अशी, की सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम 5 टक्के. म्हणून दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या बिस्मथ व्हॅनॅडेटसारख्या पदार्थांवर काम चालते. वऱ्हाडात उन्हाची वाण नाही, हे खरे.

प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लूचे निळे द्रावण चंचुपात्रात घेऊन त्यात भुकटी टाकतात. अर्धा तास ते अंधारातच ढवळतात, कारण भुकटीने नुसता शोषलेला रंग ‘मोडला’ म्हणून मोजला जाऊ नये. मग पात्र उन्हात ठेवून ठरावीक वेळाने नमुना काढतात, भुकटी वेगळी करतात आणि 664 नॅनोमीटरवर रंगाची तीव्रता मोजतात. निळेपणा डोळ्यांदेखत उतरतो. पण रंग गेला म्हणजे रेणूचे सगळे तुकडे संपले असे नाही. त्यासाठी पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो.

खरी कसोटी पुढे आहे. असे पुष्कळ प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात होतात. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा मात्र क्षार आणि बायकार्बोनेट असलेल्या भूजलाचा. बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना गिळून त्यांचे दुबळे कार्बोनेट मूलक करते; क्लोराइडही, विशेषतः आम्लधर्मी पाण्यात, क्रिया मंदावते. त्यात रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या टाकीत मीठ आणि सोडा मुद्दाम घालावाच लागतो. प्रकाश-उत्प्रेरण रंग मोडते, मीठ काढत नाही. पाणी नितळ दिसले म्हणून ते आधीच खारावलेल्या काळ्या जमिनीत सोडणे शेतकऱ्यावर अन्याय ठरेल. या पद्धतीला क्षार काढणाऱ्या प्रक्रियेची जोड हवीच, आणि इथल्या संशोधकांनी उत्प्रेरकाची परीक्षा याच पट्ट्यातल्या दर्यापूर-अकोटच्या विहिरीच्या पाण्यात घ्यावी.