लाजेपायी लपवलेली खाज अंगाशी येऊ शकते. पांढऱ्या चट्ट्यांबद्दल बायकांना हे माहीत हवं

बुलढाणा : लघवीच्या जागेभोवती महिनोन्‌महिने खाज, रात्री ती वाढते, कातडी पांढरी आणि पातळ पडते. अनेक जणी हे अंगावर काढतात, नाहीतर मेडिकलमधून दाद-खाजेचं मलम आणतात. हा 'लायकेन स्क्लेरोसस' असू शकतो.

आजार काय आहे?
ही त्वचेची जुनाट सूज आहे. पाळी गेल्यावर जास्त दिसते. अस्वच्छतेमुळे होत नाही, नवऱ्याला किंवा घरात कुणाला लागत नाही.

कॅन्सर होतो का?
हा आजार म्हणजे कॅन्सर नाही. पण उपचार न घेतल्यास १०० पैकी काही जणींना, साधारण ५ पेक्षा कमी, पुढे त्याच जागी कॅन्सर होऊ शकतो.

उपचाराने फरक पडतो का?
पडतो. ऑस्ट्रेलियातल्या ५०७ बायकांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम नियमित लावणाऱ्या ३५७ जणींपैकी एकीलाही कॅन्सर झाला नाही. अनियमित लावणाऱ्या १५० पैकी ७ जणींना कॅन्सर किंवा त्याआधीचे बदल दिसले. म्हणून खाज थांबली तरी मलम स्वतःहून बंद करू नका, आणि स्वतःहून सुरूही करू नका. वर्षातून एकदा तपासणी करा.

लगेच कधी दाखवायचं?
न भरणारी जखम, गाठ, जाड कडक चट्टा किंवा रक्त दिसल्यास. डॉक्टर छोटा तुकडा काढून तपासतात.

कुठे जायचं?
जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा खामगावच्या सामान्य रुग्णालयात दाखवा. बोलायला संकोच वाटत असेल तर आधी आशाताईंना सांगा.