स्पायना बिफिडा आणि वाढत्या वयाची मुलं : थोडा इतिहास, थोडं आजचं

बाळ पाठीवर गाठ घेऊन जन्मलं की पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो, "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" आंधळगाव असो की नागपूर, मूल पंधरा वर्षांचं झालं तरी हा प्रश्न आईचा पिच्छा सोडत नाही. तुमच्या घरात स्पायना बिफिडा असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर या आजाराचा इतिहास जरूर वाचा. पुढे काय करायचं, हे त्यातूनच कळतं.

नेमकं काय होतं?

गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बाळाच्या मज्जारज्जूची नळी मिटते. ती पूर्ण मिटली नाही तर कणा तिथे दुभंगलेला राहतो. त्याखालच्या नसा कमकुवत राहतात, म्हणून पाय, लघवी आणि शौच यांवर परिणाम होतो. इतक्या लवकर बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

'स्पायना बिफिडा' हे नाव १७व्या शतकात निकोलास टल्प या डच डॉक्टरांनी वापरलं. पण नाव मिळूनही पुढची तीनशे वर्षं यातली बहुतेक मुलं लहानपणीच दगावत होती.

एका बापाने बनवलेली झडप

यातल्या बऱ्याच मुलांच्या डोक्यात पाणी साठतं. अमेरिकेत जॉन होल्टर हे कुलपांच्या कंपनीत तंत्रज्ञ होते. १९५५ मध्ये त्यांना असाच मुलगा झाला. डोक्यातलं पाणी एकाच दिशेने बाहेर जाऊ देणारी झडप त्यांनी स्वतः खटपट करून तयार केली आणि १९५६ मध्ये सर्जन यूजीन स्पिट्झ यांच्यासोबत ती वापरात आणली. आजच्या शंटमागे तीच कल्पना आहे.

मूत्रपिंडं वाचवणारी नळी

मुलं जगू लागली, पण लघवी तुंबून मूत्रपिंडं निकामी होत. लघवीची नळी पूर्ण निर्जंतुकच हवी, म्हणजे दवाखान्यातच घालायची, असा तेव्हा समज होता. १९७२ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॅक लॅपिडीस यांनी सांगितलं की थोड्या जंतूंपेक्षा ताणलेली, भरलेली लघवीची पिशवी जास्त घातक असते. हात साबणाने स्वच्छ धुवा, दर काही तासांनी नळी घाला, आणि हे रुग्णाने स्वतः करावं. या साध्या सूचनेने असंख्य मूत्रपिंडं वाचली.

मुंबईतून सुरू झालेली गोष्ट

१९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला घटक म्हणजेच फॉलिक ॲसिड. पुढे १९९१ मध्ये सात देशांतल्या चाचणीने दाखवलं की आधी असं बाळ झालेल्या आईने गर्भ राहण्यापूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो.

म्हणजे ठोस पुरावा मिळूनही फार काळ झालेला नाही. शिवाय गोळी घेऊनही धोका शून्य होत नाही. आणि दवाखान्यात नाव नोंदवल्यावर गोळ्या सुरू होतात, तोवर ते २८ दिवस उलटून गेलेले असतात. आईने स्वतःला दोष देणं आता थांबवावं.

आता तुमचं काम

किशोरवय ही या मुलांना मिळालेली तशी नवी गोष्ट आहे. लॅपिडीस यांनी 'स्वतः' हा शब्द वापरला होता, तो आठवा. बाळपणापासून आईच नळी घालत आली असेल, तर ती हळूहळू मुलाच्या हातात द्या. आधी तुमच्या देखरेखीखाली, मग एकट्याने. हात पोचतात, समज आहे, तर पंधरा वर्षांच्या मुलीसाठी आईने रोज शाळेत जाऊन बसायची गरज नाही. एखादं बंद, स्वच्छ शौचालय वापरू द्या, असं मात्र मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या.

काही गोष्टी मुलाला स्वतःला ओळखता आल्या पाहिजेत :

• शंट असेल आणि डोकेदुखी, उलट्या, गुंगी सुरू झाली, तर त्याच दिवशी दवाखाना.
• उंची भराभर वाढताना चाल बिघडली, पाठ दुखू लागली किंवा लघवीची सवय बदलली, तर मज्जारज्जू ताणला जात असू शकतो.
• थंडी वाजून ताप, लघवीला घाण वास : तपासणी लगेच.
• पायांना चटका कळत नाही. भंडाऱ्याच्या मे महिन्यात अनवाणी चालू नये. रोज रात्री तळपाय पाहावेत.
• रबराची ॲलर्जी या मुलांत जास्त आढळते. प्रत्येक डॉक्टरला आणि दंतवैद्याला आधीच सांगावं.

मुलगी मोठी होत असेल तर आणखी एक सांगा. तिचं लग्न होऊ शकतं, तिला मूलही होऊ शकतं. त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिडचा मोठा डोस सुरू करावा लागेल. हे तिला तुमच्याकडून कळू द्या, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं तिलाच देऊ द्या.